चाकाचं बारसं

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही. ती सांगायचा मान आमच्या सुतारांच्या घरातल्या थोरल्या सुनेचा, आणि तीसुद्धा लेकुरवाळी असली तरच. मी अजून नववीत आहे. पण काकू आत घुगऱ्या शिजवण्यात गुंतली आहे, आणि तुम्ही एवढ्या लांबून उन्हातून आलात. मघापासून त्या गोधडीवरच्या चाकाकडं बघताय आणि विचारावं की नाही अशा विचारात आहात. म्हणून सांगते. काकूनं विचारलं तर मात्र मी काही बोलले नाही.

हे चाक वर्षभर विहिरीवर असतं. ते दोन खांब दिसतात ना, त्यांच्या मधल्या आडव्या लाकडात ते फिरतं. बाभळीचं आहे. फार मोठं नाही, भाकरी थापायच्या परातीएवढं. वैशाखातल्या चतुर्दशीला, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ते खाली उतरवतात. पंचांगात त्या दिवशी नृसिंह जयंती असते, पण आमच्या खडकमाळात त्या दिवसाला चाकाचं बारसं म्हणतात. चाकाला आंघोळ घालतात, टोपडं घालतात, गोधडीवर निजवतात. मग बायका विहिरीच्या ओट्यावर ओळीनं बसतात आणि चाक एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जातं. तेवढा वेळ गावातले पुरुष नुसत्या हातांनी, दगडी कठड्यावरून दोर ओढून पाणी शेंदतात. प्रत्येकी एक घागर. त्या वेळी कुणी हसायचं नाही. गावात नळ आले तरी हे बंद झालं नाही.

लाकडाच्या चाकाला टोपडं कशाला, असं बाहेरगावचे लोक विचारतात. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी खडकमाळात पाणीच नव्हतं. गाव सगळं काळ्या कातळावर बसलेलं. बायका दोन कोस खाली ओढ्यावर जायच्या आणि भरल्या घागरी घेऊन चढण चढायच्या. शेवटी गावानं विहीर खोदायला घेतली. दहा परस खोदलं तरी खडक कोरडाच. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. अशी दहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल गेलं तरी ओल नाही. तेव्हा पंचांनी साती आसरांना, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात देवींना, नवस बोलला. चौदाव्या परसाला पाणी लागलं, आणि ते असं गोड लागलं म्हणे की खोदणारे वर यायलाच तयार होईनात. तो नवस पुढं गावात पोरासोरांनाही पाठ होता. 'ह्या विहिरीच्या तोंडावर चाक बसणार नाही.'

म्हणून विहिरीवर चाक नव्हतं. नवस पुरुषांनी बोलला होता, पण तो रोज फेडायचा बायकांनी, कारण पाणी शेंदणं हे बायकांचं काम. चौदा परसांचा अंबाडीचा दोर, त्याच्या टोकाला घागर, आणि वर दगडाचा कठडा. दोर त्या कठड्यावर घासत वर यायचा. अर्धा जोर घागरीला लागायचा आणि अर्धा तो दगड खाऊन टाकायचा. कठड्याला बोटभर खोल खाचा पडल्या, त्या तुम्हाला अजून दिसतील.

विहीर होऊन साठ वर्षं झाली असतील तेव्हा राही ह्या गावात सून म्हणून आली. तिचं माहेर नदीकाठचं. तिकडं पाणी म्हणजे वाकायचं आणि कळशी बुडवायची. इथं पहिल्या दिवशी सासूनं, बायजानं, तिला दोर दिला आणि कसं उभं राहायचं ते दाखवलं. एक पाय कठड्याला टेकवायचा, पाठ मागं टाकायची, आणि हातावर हात टाकत ओढत राहायचं. राहीनं मनातल्या मनात मोजलं. एका घागरीला बेचाळीस हात. घरात चार घागरी लागायच्या, आणि पाचवी शेजारच्या आवडाईची. आवडाई गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिची बोटं वाकडी होऊन तळव्याला चिकटली होती, ती काही उघडायची नाहीत. सुतारांच्या घरातली सून तिच्या रांजणात एक घागर ओतायची, असं आधीपासून चालत आलं होतं. राहीनंही ते पुढं चालवलं. आवडाई उंबऱ्यात बसलेली असायची. पाणी ओतल्याचा आवाज आला की मान हलवायची. कधी काही बोलायची नाही.

राहीचा नवरा केरू सुतार. हाताचा चांगला आणि बोलायला कमी. एकदा राहीनं त्याला अंगणात एकट्यानं बाभळीचा भला मोठा ओंडका घडवंचीवर चढवताना पाहिलं. चार माणसांना हलला नसता असा ओंडका. केरूनं दोन फळ्या तिरक्या लावल्या, पहारीनं ओंडक्याला जरासं उचकलं, आणि तो फळ्यांवरून हळूहळू लोळवत वर नेला. वाटेत दोनदा थांबून त्यानं ओंडक्याखाली दगड सारला आणि तंबाखूही मळली. राहीला हसू आलं. तिनं विचारलं, एवढा जोर कुठून आणता. तो म्हणाला, "जोर माझा तुझ्याएवढाच आहे. तो कुठं लावायचा ती जागा सापडली पाहिजे."

हे वाक्य राहीच्या मनात राहिलं.

पहिल्या वर्षी तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेलाही तसंच. त्या गावात हे नवीन नव्हतं. खडकमाळात पाळणे कमी हलतात, असं आसपासच्या गावांत म्हणायचे, आणि मुली द्यायला लोक कचरायचे. गावातल्या बायका म्हणायच्या की आसरांची नजर आहे. राहीनं आसरांना सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या आणि दहीभाताचा नैवेद्य विहिरीत सोडला. आणि मग त्याच विहिरीतून पाच घागरी शेंदून घरी आली.

एके दिवशी ती केरूची भाकरी घेऊन पाटलाच्या मळ्यात गेली. सुभानराव पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट होती आणि तिचं चाक केरू दुरुस्त करत होता. चाक बसल्यावर मोट सुरू झाली, आणि राही भाकरीचं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वर चाक होतं, त्यावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, जात होता, आणि बैल उताराच्या वाटेनं खाली चालत होते. ते खाली चालले की पाण्यानं भरलेली कातड्याची मोट आपोआप वर यायची. बैलांना ओढावं लागत होतं, पण उताराला, आपल्याच अंगाच्या भारानं. त्यांच्यासाठी कुणीतरी उतार बांधला होता आणि कुणीतरी चाक घडवलं होतं.

संध्याकाळी ती केरूला म्हणाली, "बैलाला चाक आहे. मग बाईला का नाही?"

केरू आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. मोटांची वीस-पंचवीस चाकं त्या हातांनी घडवली होती.

त्यानं उरल्यासुरल्या लाकडातून एक लहान चाक केलं. खोबणीत दोर नीट बसेल असं. बायजाला आणि राहीला अंगणात फिरवून दाखवलं. मग तो ते घेऊन चावडीवर गेला. तिथं सुभानराव पाटील आणि पंच बसले होते. पाटील वाईट माणूस नव्हता. त्यानं चाक हातात घेऊन फिरवूनही पाहिलं, काम चांगलं झालंय असंही म्हणाला. पण खालच्या गावची विहीर दोन उन्हाळ्यांपूर्वी आटली होती, आणि तिथली माणसं बिऱ्हाडं घेऊन निघून गेली होती. ती जाताना त्यानं पाहिली होती. नवस मोडला आणि पाणी गेलं तर चारशे माणसांनी कुठं जायचं, असं त्यानं केरूला विचारलं. पंचांनी सांगितलं, चाक इथंच मोड. केरूनं ते आपल्याच कुऱ्हाडीनं मोडलं आणि ढलप्या खांद्यावरच्या कापडात बांधून घरी आणल्या. त्या दिवशीच्या भाकरी राहीनं त्या ढलप्यांच्याच जाळावर भाजल्या.

तिसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा राहीनं कुणाला सांगितलं नाही. चार महिने उलटले, पाच उलटले. सहाव्या महिन्यात पोटातलं मूल हलायला लागलं, आणि केरूनं लपवून ठेवलेली चांगली बाभूळ बाहेर काढली. तो पाळणा करायला बसला. गावातल्या सगळ्या घरांचे पाळणे त्यानंच केले होते, पण आपल्या घरासाठी पहिल्यांदाच. पाळण्याच्या दांड्या त्यानं इतक्या गुळगुळीत केल्या की बायजा त्यांच्यावरून सारखा हात फिरवायची. बायजानं जुन्या लुगड्याचं अंगडं-टोपडं शिवलं. तिचं मनगट अधू झालेलं, तरी सुई तेवढी धरता यायची. दोर धरता येत नव्हता. त्यामुळं पाणी राहीलाच शेंदावं लागत होतं.

मग आकिती आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आकिती म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीचे नवे करे पाण्यानं भरून पूजतात, आणि ते पाणी ताजं शेंदलेलं लागतं. म्हणजे रोजच्या पाच घागरी, आणि वर करे भरायला आणखी तीन. वैशाखाचं ऊन, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. राहीला सातवा लागला होता.

केरूनं सकाळी घागर उचलली, दोर खांद्यावर टाकला आणि तो विहिरीवर गेला. राही मागून धावली, पण तिला धावता येत नव्हतं. ती पोहोचली तेव्हा केरूनं दोन घागरी शेंदल्या होत्या आणि पिंपरणीच्या पारावर बसलेल्या पुरुषांची करमणूक चालली होती. खडकमाळात पुरुषानं पाणी शेंदलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकानं विचारलं, केरू, आता रंधा राहीकडं दिलास की काय. दुसरा म्हणाला, संध्याकाळी आमच्या घरी हळदीकुंकू आहे, त्यालाही ये. सगळे हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता म्हणे, सणाचा दिवस होता आणि माणसं रिकामी होती. विहिरीवरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

केरूचे कान लाल झाले होते, पण तो ओढत होता. राहीला ते बघवेना. आपल्या पोटापायी ह्या माणसाला गाव हसतंय, एवढंच तिला दिसलं. ती जवळ गेली आणि तिनं दोराला हात घातला.

"द्या इकडं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही घरी जा."

"राही, सहाच राहिल्यात."

"मला मान खाली घालायला लावू नका. जा."

केरूनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं दोर सोडला आणि पाराकडं न बघता घरी गेला.

राहीनं सहा घागरी शेंदल्या. पाय कठड्याला टेकवला, पाठ मागं टाकली. एका घागरीला बेचाळीस हात. पाचवीला तिच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं, पण ती आवडाईची घागर होती, म्हणून तिनं ती पुरी केली. सहावीही केली. म्हातारीच्या रांजणात पाणी ओतलं, घरी येऊन तिन्ही करे भरले, पितरांच्या नावानं हळदकुंकू वाहिलं. मग भिंतीला धरून ती खाली बसली.

दुपारी मुलगी झाली. सातव्या महिन्यातली, केरूच्या तळहातावर मावेल एवढी. तिला रडता आलं नाही. ती नुसती तोंड उघडायची आणि मिटायची. बायजानं तिला कापसात गुंडाळून उन्हाच्या कवडशात धरलं, कवडसा सरकेल तशी तीही सरकत राहिली. ऊन उंबऱ्यापर्यंत गेलं, उंबऱ्याबाहेर गेलं, आणि तिन्हीसांजेला मुलगी गेली.

राहीनं तिला फक्त एकदा हात लावला होता. गालाला. आपला तळवा किती खरखरीत झालाय हे तिला तेव्हा कळलं.

पुढं राही कुणाला दोष देत नसे असं सांगतात. हसणाऱ्यांनाही नाही, पाटलालाही नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट राहिली. केरूच्या हातात दोर होता, आणि तो तिनं आपल्या हातानं काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी केरूनं पाळणा सोडवला. मोडला नाही, एकेक खिट्टी काढून सोडवला. दांड्या आणि पाट्या ओळीनं अंगणात मांडल्या आणि तो कामाला बसला. काय करतोय ते राहीनं विचारलं नाही. आवाजावरूनच तिला कळत होतं. दांड्या चिरल्याचा आवाज, मग रंध्याचा, मग गोल घासल्याचा. पाळण्याच्या तुकड्यांना तुकडे जोडून त्यानं चाक घडवलं. पाळण्याच्या दांडीला जिथं खोबण होती तिथंच त्यानं दोराची खोबण केली. कोण काय म्हणेल हे त्यानं मनातसुद्धा आणलं नाही, कारण आता कुणी त्याच्याकडून काढून घ्यावं असं काही उरलं नव्हतं. दहा दिवस हे काम चाललं.

बारावा दिवस उजाडला. सुतक-सोयेर फिटलं होतं. मुलगी असती तर त्या दिवशी तिचं बारसं असतं. राही न्हाली. तिनं चाक उचलून मांडीवर घेतलं आणि बायजानं शिवलेलं टोपडं त्याला घातलं. बायजा बघत राहिली, तिनं अडवलं नाही. मग राही चाक छातीशी धरून विहिरीवर गेली आणि ओट्यावर बसली. केरू मागून खांब रोवायचं सामान घेऊन आला.

बायका जमल्या. पारावरचे पुरुष उठून आले. टोपडं घातलेलं चाक बघून त्या दिवशी कुणालाही हसू आलं नाही. कुणीतरी पाटलाला बोलावलं. पाटील आला, राहीच्या मांडीकडं बघून त्याचा आवाज खाली आला, पण तो म्हणाला तेच, जे चावडीवर म्हणाला होता. नवस आहे. नवसापुढं पाटलाचाही इलाज नाही.

"कसला नवस?"

आवाज आवडाईचा होता. ती काठी टेकत कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. कित्येक वर्षांत ती घराबाहेर पडली नव्हती.

पाटलानं तिला नवस म्हणून दाखवला. ह्या विहिरीच्या तोंडावर चाक बसणार नाही.

"अर्धाच पाठ केलाय तुम्ही," आवडाई म्हणाली. "मी इथं होते, सुभाना. नवी नवरी होते, खोदणाऱ्यांना भाकरी वाढत होते. तुझ्या आजाचा ऊस होता ह्या खालच्या अंगाला. पाणी लागलं की मोट बसवायची, असं तो बोलून बसला होता. मोटेनं चार दिवसांत विहीर कोरडी केली असती. म्हणून पंचांनी आसरांपुढं त्याच्याकडून वदवून घेतलं, की ह्या विहिरीवर मोटेचं चाक बसणार नाही, हे पाणी पिण्यालाच राहील. बायकांच्या घागरीला चाक नको असं कुणी म्हणालं नव्हतं. तेव्हा बायकांचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं."

पाटलानं विचारलं, मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस.

"मला कुणी विचारलं होतं का?" आवडाई म्हणाली.

मग तिनं आपले वाकडे, मिटलेले हात राहीपुढं धरले. जे ती पुढं बोलली, ते आमच्या घरात अजून हळू आवाजात सांगतात. ती म्हणाली, "पण पोरी, खोटं कशाला बोलू. केरूनं पहिलं चाक केलं तेव्हा माझ्या कानावर आलं होतं. तेव्हा बोलता आलं असतं. मला वाटलं, आम्ही शेंदलं, आमचे हात गेले, आमचीही पोटं गेली. मग ह्या पोरींनी का नाही शेंदायचं?"

राहीनं तिच्याकडं पाहिलं. पाच वर्षं रोज ती त्या उंबऱ्यात उभी राहिली होती, रोज रांजणात पाणी ओतलं होतं. एका वाक्याचं अंतर होतं. म्हातारीनं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. राहीला राग यावा असं सगळ्यांना वाटत होतं. पण तिनं ते मिटलेले हात आपल्या हातांत घेतले आणि आपला तळवा त्यांच्यावर ठेवला. दोन्ही सारखेच खरखरीत होते.

मग ती पाटलाकडं वळली. "चाक बसवायच्या आधी एक मागणं आहे," ती म्हणाली. "एक घागर तुम्ही शेंदा. हातानं."

पाटलाला नाही म्हणता आलं नाही. त्यानं पागोटं काढून ठेवलं, दोर धरला. पंधरा-वीस हात ओढल्यावर त्याचा श्वास चढला. तिसाव्याला तळव्याची साल निघाली. त्यानं थांबून इकडंतिकडं पाहिलं, पण कुणी पुढं झालं नाही. दोर सोडला तर घागर जाणार, आणि धरला तर हात. बेचाळिसावा हात टाकून त्यानं घागर कठड्यावर घेतली तेव्हा दोराला रक्त लागलं होतं. तो तिथंच खाली बसला. त्याच्या आईच्या हातांची आठवण झाली असावी, असं सांगतात. तो इतकंच म्हणाला की गावातल्या प्रत्येक गड्यानं वर्षातून एकदा ही घागर काढायची. माझ्यापासून.

केरूनं खांब रोवले. राहीनं चाकाचं टोपडं काढलं, घडी करून कनवटीला लावलं, आणि चाक त्याच्या हातात दिलं. ते देताना तिचे हात जरा वेळ सुटले नाहीत. चाकात कणा बसला. त्यावरून दोर गेला. पहिली घागर राहीनंच सोडली.

आता तिला पाठ मागं टाकावी लागत नव्हती. पाय कुठं टेकवावा लागत नव्हता. दोर वरून येत होता आणि ती तो खाली ओढत होती, उताराला चालणाऱ्या बैलांसारखी, आपल्या अंगाच्या भारानं. दगड काही खात नव्हता. चाक कुरकुरत फिरलं आणि घागर अंधारातून वर येत राहिली, थेंबसुद्धा न सांडता. बारा दिवसांत राहीच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. घागर हातात आली तेव्हा आलं. ती हलकी आली म्हणून ती रडली.

पुढं राहीला दोन मुलगे झाले. आम्ही त्यांतल्या धाकट्याच्या वंशातले. गावात पाळणे हलायला लागले, आसपासची गावं मुली द्यायला लागली. विहीर आटली नाही. चाक झिजलं की नवं करतात, पण जुन्याचा एक तरी तुकडा नव्यात बसवतात. त्यामुळं पाळण्याचं लाकूड ह्यात अजून आहे, असं म्हणतात. कुठला तुकडा ते आता कुणाला ओळखू येत नाही.

आजही चतुर्दशीला पुरुष पाणी शेंदतात. थोड्या वेळानं तुम्ही बघालच. शहरात नोकरी करणारेसुद्धा येतात, आणि त्यांचे हात सगळ्यांत आधी सोलतात. आजही बायका चाक मांडीवर घेतात. ज्यांचं मूल गेलंय त्यांच्या मांडीवर ते जरा जास्त वेळ राहतं. किती वेळ, ते कुणी ठरवलेलं नाही. पलीकडची बाई हात पुढं करत नाही, वाट बघते. आणि शेवटी चाक आमच्या काकूकडं येतं. ती वाकते, मधल्या भोकाशी, जिथं कणा बसतो तिथं, तोंड नेते आणि कुर्रर्र करून नाव सांगते. राहीनं त्या दिवशी ओट्यावर बसून असंच सांगितलं होतं. मुलीचं जे नाव तिनं मनात ठेवलं होतं, ते. घरातल्या थोरल्या सुनेशिवाय ते कुणाला माहीत नसतं. मोठ्यानं कुणी कधी म्हटलेलं नाही. पण मागच्या वर्षी मी काकूच्या अगदी शेजारी बसले होते. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि मी मिटले नव्हते. तिचे ओठ मी पाहिले. तीनच अक्षरं होती, आणि मला वाटतं ते नाव…

"ऋतू, अगं कुठं आहेस? घुगऱ्यांची पाटी धर इकडं."